‘हेमाडपंती’ म्हणावे कशाला?

(मंडळाच्या मासिक सभेत वाचून दाखविलेले भाषण)



दर सभेत आपल्यापैकी एकीने कशावर तरी दहा-पंधरा मिनिटे बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर मुरंबे झाले, मुलांचे खोकले झाले, घरखर्चाची वही झाली. मागच्या खेपेला भाऊबीजेच्या चालीरीतींवर फार सुरेख भाषण झाले. आज माझी पाळी आहे आणि मी एकच शब्द घेऊन उभी राहिले आहे. तो शब्द म्हणजे ‘हेमाडपंती’.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा पंडितांची भाषा माझ्याकडून होणार नाही. पण वाचनालयातून आणून तीन महिने जे वाचले ते, आणि पाथरवटाच्या घरात जन्म घेतल्यामुळे दगडाबद्दल जे कानावर पडले ते, एवढ्या शिदोरीवर मी बोलणार आहे. चुकीचे वाटेल तिथे मध्येच थांबवलेत तरी चालेल.

निमित्त असे. श्रावणात आपली सहल अंबरनाथच्या शिवमंदिराला गेली होती, तिचे छायाचित्र या वर्षीच्या स्मरणिकेत घालायचे ठरले आहे. छापखान्यातून कच्चा मजकूर आला त्यात चित्राखाली ओळ होती, ‘पुरातन हेमाडपंथी शिवमंदिर, अंबरनाथ’. मी म्हटले, ही ओळ बदलूया. त्यावर समितीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, सारे जग हेच म्हणते. दुसरा म्हणाला, हिला काहीतरी माहीत असेल तर सभेत सांगू दे. म्हणून हे भाषण.

आधी सोपे तेवढे उरकून घेते. शब्द ‘हेमाडपंथी’ नव्हे, ‘हेमाडपंती’ आहे. ‘थ’ नाही, ‘त’. हेमाड नावाचा काही पंथ नव्हता, जसा वारकऱ्यांचा आहे किंवा महानुभावांचा आहे. हा ‘पंत’ म्हणजे आपले नेहमीचे पंत, कारकुनी-दिवाणजीचे काम करणाऱ्या माणसाच्या नावापुढे मानाने लावायचे पंत. हेमाद्रि पंडित नावाच्या गृहस्थांचे लोकांच्या तोंडी हेमाडपंत झाले आणि हेमाडपंतांचे ते हेमाडपंती. देवळांच्या पाट्यांवर, सहलीच्या जाहिरातींत, मुलांच्या वह्यांत सगळीकडे हा ‘थ’ घुसला आहे. मला वाटते ‘पंथ’ हा शब्द देवाधर्माजवळचा, म्हणून देवळाशेजारी तो शोभून दिसतो आणि कोणाला खटकत नाही.

आणखी एक घोटाळा आपल्या घरांत होतो. आपल्यातल्या बऱ्याच जणी गुरुवारी श्रीसाईसच्चरिताची पोथी वाचतात. त्या पोथीचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर यांना साईबाबा ‘हेमाडपंत’ म्हणत. ते हेमाडपंत अगदी अलीकडचे, विसाव्या शतकातले. देवळांशी ज्यांचे नाव जोडले गेले ते तेराव्या शतकातले. दाभोलकरांना ते नाव मिळाले तेच मुळी या जुन्या हेमाडपंतांची आठवण म्हणून.

तर हे जुने हेमाडपंत कोण? देवगिरीच्या यादवांच्या दरबारात ते फार मोठे अधिकारी होते. राजाचे सारे दप्तर त्यांच्या हाताखाली असे, त्या पदाला श्रीकरणाधिप म्हणत. १२६१ ते १२७१ या काळात राज्य करणारा महादेव यादव आणि त्याच्यामागून १३११ पर्यंत राज्य करणारा रामचंद्र, म्हणजे आपण ज्याला रामदेवराव म्हणतो तो, या दोघांच्या पदरी ते होते. आता अशा मोठ्या माणसाभोवती गोष्टी जमतातच. मोडी लिपी त्यांनीच लंकेहून आणली म्हणतात, बाजरी त्यांनीच आणली म्हणतात, राक्षसांकडून एका रात्रीत देवळे बांधून घेतली असेही म्हणतात. या गोष्टी गोष्टी म्हणून गोड आहेत.

पण एक गोष्ट गोष्ट नाही, ती खरी आहे. या हेमाद्रि पंडितांनी ‘चतुर्वर्गचिंतामणि’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला आणि त्यातला एक भाग आहे व्रतखंड. वर्षभरातली व्रते, ती कोणत्या तिथीला करायची, पूजा कशी मांडायची, दान काय द्यायचे, सारे जुन्या पुराणांतून वेचून त्यांनी तिथे एकत्र केले. आपली वटसावित्री त्यात आहे, ऋषिपंचमी त्यात आहे. आपल्या सासूबाई ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ म्हणून जे सांगत, त्यातले पुष्कळसे फिरून फिरून या ग्रंथापाशी जाऊन पोचते. म्हणजे ज्येष्ठातल्या पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना आपण हेमाडपंतांच्या जितक्या जवळ असतो, तितक्या अंबरनाथच्या देवळात नसतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. माणसाला त्याच्या खऱ्या कामाचे श्रेय द्यावे, आणि त्यांचे खरे काम केवढे तरी मोठे आहे.

आता देवळांकडे येते. ‘हेमाडपंती’ म्हणजे नक्की काय, असे सहलीत मी चार-पाच जणींना विचारले होते. दोघी म्हणाल्या, काळ्या दगडाचे जुने देऊळ. एक म्हणाली, चुना न वापरता दगडावर दगड रचलेले. एक म्हणाली, खूप कोरीव काम असते ते. आणि आपल्या सर्वांत वडील काकू म्हणाल्या, “अगं, खूप जुने म्हणजे हेमाडपंती, त्याहून जुने म्हणजे पांडवांनी बांधलेले.” काकूंचे उत्तर सगळ्यांत प्रामाणिक होते. अंबरनाथला दोन्ही सांगतात. तिथल्या माणसाला विचारा, तो पांडवांनी एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, असे सांगेल. शिकलेल्या माणसाला विचारा, तो हेमाडपंती म्हणेल. मला यात फारसा फरक दिसत नाही. आपल्यासारख्या दोन हातांच्या माणसांनी हे घडवले असेल, हे मनाला पटत नाही, म्हणून एकजण ते भीमाच्या पदरात टाकतो आणि दुसरा प्रधानाच्या.

त्या तीन उत्तरांपैकी चुन्याचे उत्तर जरा नीट पाहू, कारण शब्दाला काही नेमका अर्थ असलाच तर तो तिथे आहे. ह्या देवळांत दगड सांधायला चुना वापरलेला नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल असे कुसू, आणि बाकीचे काम वजनाचे. माझे वडील कल्याणच्या बाजूला रस्त्याकडेला बसून पाटे, वरवंटे, जाती घडवीत आणि दारोदार जाऊन पाट्याला टाकी लावून देत. ते एकदा मला अंबरनाथला घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी देवाच्या आधी भिंतीला हात लावला. दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवून म्हणाले, “नख जात नाही बघ.” काळा दगड हा फार कठीण, पण आपल्या सह्याद्रीत मुबलक. त्याची एक बाजू दुसऱ्या दगडाशी बिनचूक जुळवायची तर घासून घासून सपाट करावी लागते, आणि एकदा वर चढवलेला दगड बसला नाही म्हणून परत खाली उतरवायचा म्हणजे दहा माणसांचा दिवस गेला. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर बरोबर बसवायला वडिलांना केवढा वेळ लागे, ते मी पाहिले आहे. तिथे तर देऊळ.

तर अशा बिनचुन्याच्या बांधणीला कोणी हेमाडपंती बांधणी म्हटले तर मी भांडायला जाणार नाही. रूढ झाले आहे, कामाचे आहे, चटकन कळते. पण त्यातही एवढे लक्षात ठेवावे की ही बांधणी हेमाडपंतांनी शोधून काढलेली नव्हे. सिन्नरचा गोंदेश्वर घ्या. यादवांच्याच राज्यातला, पण हेमाडपंतांच्या आधीचा मानतात. कोल्हापूरकडे खिद्रापूरचा कोपेश्वर आहे, तिथे सिंघण यादवाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख आहे, म्हणजे देऊळ त्याच्याही आधी उभे होते. या दोन्हींना लोक हेमाडपंतीच म्हणतात. आणि आपले अंबरनाथ तर या दोन्हींहून जुने.

किती जुने, हे कोणाच्या अंदाजावर ठेवायचे कारण नाही. देवळातच लिहून ठेवले आहे. उत्तरेच्या दरवाज्यावरच्या दगडावर एक लेख कोरलेला आहे. त्यात साल आहे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. महिना श्रावण, तिथी शुद्ध नवमी, वार शुक्रवार. श्रावणी शुक्रवार म्हणजे आपल्या जिवतीच्या पूजेचा दिवस. वाचताना मला एकदम तो लेख घरातला वाटला. या आकड्याचीही एक कथा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी हा लेख प्रथम वाचला तेव्हा साल ७८२ असे वाचले गेले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो सात नसून नऊ आहे, हे दाखवून दिले. एका आकड्याच्या वळणाने देऊळ दोनशे वर्षे मागे गेले होते, ते जागेवर आले. आपण हेमाडपंती म्हणतो तेव्हा तेच देऊळ दोनशे वर्षे पुढे ढकलतो. १०६० साली देऊळ पुरे होते आणि ज्यांच्या पदरी हेमाडपंत होते तो महादेव यादव गादीवर येतो १२६१ साली. हिशेब तुम्हीच करा.

मग बांधले कोणी? लेखात राजाचे नाव आहे मुम्मुणिराज, आणि त्यात छित्तराजाच्या भवनाचाही उल्लेख आहे. हे उत्तर कोकणचे शिलाहार. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ, एकामागून एक गादीवर आले. थोरल्याने देऊळ आरंभले आणि धाकट्याने पुरे केले, असे जाणकार म्हणतात. घरातले अर्धे राहिलेले काम भावाने पुरे करावे, तसेच झाले म्हणायचे. आणि या शिलाहारांचे मुख्य ठाणे कुठे होते? श्रीस्थानकाला, म्हणजे आपल्या ठाण्याला! आपल्या किती जणींची माहेरे ठाण्याची आहेत, किती जणींचे यजमान रोज तिकडे कामाला जातात. पण ठाण्याला एके काळी राजधानी होती, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. त्यांना देवगिरी ठाऊक असते, पुणे ठाऊक असते, सातारा ठाऊक असतो. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सारे लेख गोळा करून १९७७ साली मोठा ग्रंथ काढला आहे. तो इंग्रजीत आहे, तेव्हा मला तो वाचता आला नाही. त्याच्या आधाराने मराठीत जे लिहिले गेले ते मी वाचले.

इथे सहलीतली एक शंका सांगते, कारण ती बिनतोड वाटावी अशी होती. आपल्यातली एक म्हणाली, “पैठणी आता बहुतेक येवल्याला विणतात, तरी आपण पैठणीच म्हणतो ना? कोणी येवली म्हणत नाही. मग देवळाने काय घोडे मारले?” शंका चांगली आहे. पण पैठणीची कला पैठणहून निघाली, तिथून ती येवल्याला गेली. माग हलला, वाण तेच राहिले. म्हणजे ते नाव आईचे आहे आणि लेक ते लावते. इथे उलटे आहे. नातवाच्या नावाने आजोबांचे बारसे करण्यासारखे आहे. अंबरनाथचे पाथरवट हेमाडपंतांकडून काही शिकले नव्हते, शिकणार कसे? हेमाडपंतांचे आजोबाही तेव्हा जन्माला आलेले नव्हते.

मग या देवळाच्या घडणीला खरे नाव काय? ते आहे ‘भूमिज’. हा शब्द काही कोणा साहेबाने दिलेला नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगण सूत्रधार’ या वास्तुशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात भूमिज देवळांचे वर्णन आहे. तो ग्रंथ अकराव्याच शतकातला, म्हणजे आपल्या देवळाच्या वयाचा. आता ‘भूमिज’ म्हटल्यावर भुईतून उगवलेले, असा अर्थ प्रथम मनात येतो. पण शिल्पशास्त्रात भूमी म्हणजे मजला. ज्याचे शिखर मजल्यांनी घडले आहे ते भूमिज. पाच भूमींचे, सात भूमींचे, नऊ भूमींचे अशी देवळे असतात. डोंबिवलीत आपण ‘चार मजली इमारत’ म्हणतो ना, अगदी तसेच. फक्त त्या मजल्यांवर कोणी राहत नाही.

ते दिसते कसे, हे सांगते. उतरंड आठवा. जुन्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यावर मडके ठेवीत, खाली मोठे, वर लहान लहान होत गेलेले. भूमिज शिखरावर अशा उतरंडी एकीला लागून एक उभ्या असतात. फक्त मडक्यांच्या जागी छोटी छोटी शिखरे, प्रत्येक आपापल्या इवल्याशा खांबावर. आडवे पाहिले तर त्यांची एक ओळ म्हणजे एक भूमी. उभे पाहिले तर एक उतरंड. आणि चार दिशांना, मधोमध, खालपासून वरपर्यंत गेलेली एकेक रुंद पट्टी. तिला लता म्हणतात, म्हणजे वेल. तिच्यावर जाळीचे काम इतके बारीक की आपल्यातल्या क्रोशा विणणाऱ्यांनी जवळ जाऊन टाके मोजावेत. चार वेली आणि मधल्या जागेत उतरंडी, असे हे शिखर. नाव एकदा कळले की डोळा आपोआप ती ओळ शोधतो. ‘हेमाडपंती’ म्हटल्याने मात्र डोळ्याला काही सापडत नाही. त्या शब्दाने देवळाचे वय चुकते आणि रूपही कळत नाही. ज्या देवळावर इंचभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही त्यालाही तोच शब्द आणि ज्यावर एक फूल नाही अशा साध्या चौकोनी देवळालाही तोच.

अंबरनाथचे शिखर पुरे राहिलेले नाही, वरचा भाग नाही. म्हणून कोंबड्याची गोष्ट निघाली. पण खालचा भाग आहे आणि त्यावर या ओळी स्वच्छ दिसतात. पुरे भूमिज शिखर पाहायचे तर सिन्नरला जावे, गोंदेश्वराचे शिखर शाबूत आहे. मध्य प्रदेशात विदिशेकडे उदयपूर म्हणून गाव आहे, तिथले उदयेश्वराचे देऊळ अकराव्या शतकातलेच आणि त्याच घडणीचे, तेही पुरे आहे. राजस्थानचे उदयपूर वेगळे, तिकीट काढताना घोटाळा करू नका.

भिंतींबद्दल फार बोलत नाही, कारण आपण सर्वांनी त्या पाहिल्या. खाली जोत्याशी कीर्तिमुखांची पट्टी, हत्तींची रांग, वर कोपऱ्याकोपऱ्यांतून देव आणि सुरसुंदरी. नृत्य करणारा शिव आहे, गजासुराला मारणारा आहे, शिवपार्वतीचे लग्नही आहे. त्या लग्नासमोर आपण बराच वेळ उभ्या होतो आणि मुहूर्त, मानपान यांवर पुष्कळ विनोद झाले, ते इथे सांगायचे नाहीत. भिंत सपाट नाही, सारखी आत-बाहेर मुडपलेली आहे. वडील म्हणत, हे निऱ्यांसारखे आहे. सपाट भिंत केली असती तर इतक्या मूर्ती मावल्या नसत्या आणि ऊन सावली खेळली नसती. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी इथे मुक्कामाला आले आणि त्यांनी या नक्षीची चित्रे काढली, साच्यांत ठसे घेतले. शिकायला आलेल्या मुलांना सरकारने मुद्दाम या देवळापाशी पाठवले, यावरून त्याची योग्यता समजावी. वालधुनीच्या काठावर हे देऊळ आहे. नदीची आजची दशा नाकाला कळते, ती मी सांगायला नको.

आता जे सांगायचे आहे ते ऐकून समितीतल्या पहिल्या तटाने पुन्हा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याच्यावर महादेव यादवाने स्वारी केली, ते साल १२६५ च्या आसपासचे. जमिनीवर टिकाव लागेना म्हणून सोमेश्वर जहाजात बसून समुद्रावर गेला. यादवांनी तिथेही पाठलाग केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. ठाण्याचे राज्य तिथे संपले. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच लढाई, असे काही अभ्यासक मानतात. आणि सोमेश्वर बुडाल्याची ही हकीकत आपल्याला सांगतो कोण? आपल्या ग्रंथाच्या आरंभी यादवांची स्तुती करताना खुद्द हेमाद्रि पंडित! महादेवाच्या प्रतापाच्या आगीपेक्षा समुद्रातला वडवानल बरा म्हणून सोमेश्वराने पाण्यात उडी घेतली, अशा अर्थाचे त्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. राजाचा नोकर राजाची स्तुती करणारच, त्यांना दोष नाही. पण पाहा, ज्या घराण्याचा शेवटचा दिवा ज्या प्रधानाच्या धन्याने विझवला, त्या घराण्याच्या देवळावर आपण त्याच प्रधानाचे नाव लावतो. राज्य यादवांनी घेतले, ते लढाईने घेतले. देऊळ मात्र कोणी घेतले नव्हते, ते आपण आपल्या तोंडाने देऊन टाकतो.

आणि राजाचे तरी नाव लेखात आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे नाव आज कोणी घेत नाही. माझ्या वडिलांनी घडवलेली जाती आणि पाटे डोंबिवलीतल्या, कल्याणातल्या कितीतरी घरांत होते. त्यांच्यावर त्यांचे नाव नव्हते, ते घालायची पद्धतही नाही. पण कोणी त्या पाट्यावर दुसऱ्याचे नाव घातले असते तर त्यांना ते लागले असते. नाव नसणे वेगळे, दुसऱ्याचे नाव असणे वेगळे. वडिलांनी ते दिवस फार लवकर संपताना पाहिले, घरोघर मिक्सर आले आणि टाकीवाल्याची आरोळी थांबली. शेवटी शेवटी ते म्हणत, “पाट्याला काय, दगड आहे, राहील.” तसे ते देऊळही राहिले आहे, साडेनऊशे वर्षे.

म्हणून छायाचित्राखालची ओळ मी अशी लिहून आणली आहे: ‘अंबरनाथचे शिवमंदिर, शिलाहारकालीन, भूमिज शिखराचे, शके ९८२’. ओळ जरा लांब झाली आहे खरी. छापखान्यात मी विचारून आले, चित्राखाली मावते. ‘भूमिज’ कोणाला कळणार नाही, अशी कोणी हरकत घेईल. तर ‘हेमाडपंती’ तरी किती जणींना कळला होता, हे आपण सहलीत पाहिले. न कळणारा खरा शब्द निदान विचारायला तरी लावतो. आणि कोणाला बिनचुन्याच्या बांधणीसाठी हेमाडपंती वापरायचा असेल तर खुशाल वापरावा, फक्त ‘त’ ने लिहावा. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वह्या मात्र आपण पाहाव्यात. माझ्या धाकट्याने सहामाहीत ‘भूमिज’ लिहिले तर बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. मी वही घेऊन भेटायला गेले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तो शब्द फळ्यावर लिहिला. फार बरे वाटले.

मार्गशीर्षात पुन्हा तिकडे जावे, असे काहीजणींच्या मनात आहे. महाशिवरात्रीला जाऊ नये; जत्रेत देवाचे दर्शन होते, देवळाचे होत नाही. कल्याणहून गाडीने अंबरनाथ स्टेशन, तिथून पूर्वेला रिक्षा. दरवाजा पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर तोंडावर ऊन येते आणि खांबांची नक्षी उठून दिसते. गाभारा खाली आहे, वीसएक पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे धरणाऱ्यांनी कोणाचा तरी हात धरावा. खाली गेल्यावर मान वर करून आभाळ दिसते ते पाहावे. मग बाहेर येऊन देवळाला एक फेरी घालावी, आणि शिखराकडे पाहून उतरंडीची पहिली ओळ कुठे सुरू होते ते शोधावे. शेवटी उत्तरेच्या दरवाज्याशी थांबावे. लेखाची अक्षरे आपल्याला वाचता यायची नाहीत, पण ती आहेत. बॅटरी घेऊन यावे, मंडपात उजेड कमी असतो.